शेडमधली जुनी गाडी : भंगार, शौक की अमानत?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला मोटारगाडीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजची स्कूटर आली, १९६६ मध्ये पिंपरीत टेल्को आली, तेव्हापासून या भागातील हजारो घरांची चूल मोटारीच्या धंद्यावर पेटते आहे. १९९५ मध्ये मर्सिडीजची जुळणी पिंपरीतच टेल्कोच्या आवारात सुरू झाली. २००९ मध्ये ती कंपनी चाकणला गेली आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. आमच्यासारख्या कापड दुकानदारांचा धंदाही याच गाड्यांवर चालतो. कंपनीत बोनस झाला की आमच्या गल्ल्यात रक्कम दिसते, कंपनीत कपात झाली की आमचे थान कपाटातच राहते.

परंतु नवी गाडी बनवणारे हात या पट्ट्यात जितके आहेत, तितकेच जुनी गाडी पुन्हा उभी करणारे हात कमी होत चालले आहेत. आज मला याच विषयावर लिहायचे आहे. व्यापाराच्या पानावर जुन्या गाडीचा शौक कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना विनंती की त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा. यात वारसाहक्क आहे, करारनामा आहे, नफा-तोटा आहे, कारागिराची मजुरी आहे आणि आपल्या मुलांच्या रोजगाराचा प्रश्नही आहे. ही सगळी व्यापाराचीच बाब होय.

गाडी कोणती?

आमच्या घरची गाडी म्हणजे १९६६ सालची दोन दरवाजांची स्टँडर्ड हेराल्ड. तरुण वाचकांनी हे नाव ऐकले नसेल. त्या काळी देशात गाडी घ्यायची तर तीनच घरे होती : कलकत्त्याजवळची अ‍ॅम्बेसेडर, मुंबईत कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते व देशात स्पोर्ट्स कार बनतच नव्हती. ज्याला थोडी चपळ, देखणी गाडी हवी असे, तो हेराल्डकडे वळे.

मूळ गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची. ती १९५९ मध्ये तिकडे निघाली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने काढला. इंजिन अवघे ९४८ सीसीचे. पण १९६२ मध्ये ट्रायम्फने याच हेराल्डची चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी केली, म्हणजे आमची गाडी त्या प्रसिद्ध गाडीची सख्खी बहीणच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटार शर्यती होत, तिथे हेराल्डही धावत असे.

या गाडीचे दोन गुण आमच्या धंद्याला फार उपयोगी पडले. पहिला असा की ती सुमारे २५ फुटांच्या जागेत पूर्ण वळते, म्हणून बाजारातल्या अरुंद गल्लीत ती अडकत नसे. दुसरा असा की तिचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे उलटते. इंजिन व पुढची चाके सगळी उघडी पडतात, मिस्त्रीला वाकावे लागत नाही. अब्बांनी ती १९७२ मध्ये जुनीच विकत घेतली. मागच्या सीटवर कापडाची थाने रचून ते पुण्याहून पिंपरीला येत. कामगारांच्या वसाहती वाढत होत्या, उधारीवर माल जात होता. त्या गाडीने आमचे दुकान उभे केले असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

१९९१ मध्ये आम्ही मालासाठी टेम्पो घेतला आणि हेराल्ड कासारवाडीच्या गोदामामागे शेडमध्ये लागली. "सवडीने करू" असे अब्बा म्हणत. ती सवड त्यांना मिळाली नाही. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गाडीला उभी राहून २८ वर्षे झाली होती.

कापड व्यापाऱ्याची चूक

इथे मला माझी पहिली चूक कबूल केली पाहिजे, कारण ती माझ्याच धंद्यातली आहे. गाडीवर आम्ही प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवली होती. वाटले, पाऊस लागणार नाही. पाऊस लागला नाही, पण जमिनीतून येणारी ओल आत कोंडली गेली. सुती कापड श्वास घेते, प्लॅस्टिक घेत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकाला सांगतो, आणि घरची गाडी मात्र प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवली. ताडपत्री काढली तेव्हा दरवाजाखालचा पत्रा हाताने चुरत होता, चासीच्या बाजूच्या पट्ट्या गंजून जाळी झाल्या होत्या, गाद्यांमध्ये उंदरांनी घर केले होते.

ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी आजच एवढे करावे. गाडी कोरड्या जागी ठोकळ्यांवर उचलून ठेवावी म्हणजे टायर व स्प्रिंगवर भार राहत नाही. झाकायचे तर जाड सुती कापडाने झाकावे व खालून हवा खेळू द्यावी. टाकीतले पेट्रोल काढून टाकावे. बॅटरी सोडवून ठेवावी. याला फारसा खर्च नाही, परंतु पुढचा मोठा खर्च वाचतो.

आधी मालकी, मग मिस्त्री

२०२२ मध्ये धाकट्या भावाने भंगारवाल्याला बोलावले. गाडीचे वजन साधारण आठशे किलो. त्याने चोवीस हजार रुपये सांगितले. भावाचे म्हणणे चुकीचे नव्हते. जागेचे भाडे आजकाल सोन्याच्या भावाने वाढते आहे. मी मात्र हट्टाला पेटलो आणि दुसऱ्याच दिवशी गाडी उचलून एका गॅरेजमध्ये पाठवली.

माझे एक लाख दहा हजार खर्च झाल्यावर आपांचा फोन आला. आपा म्हणजे आमची थोरली बहीण, तिचे सासर सोलापूरला. ती म्हणाली, "गाडी गॅरेजमध्ये गेली म्हणे. मला कोणी विचारलं?"

मी म्हणालो, "आपा, तुला त्या भंगाराचं काय करायचंय? खर्च तर मीच करतोय."

ती म्हणाली, "खर्च कर. पण माझ्या वस्तूवर मला न विचारता करू नकोस. घराची वाटणी झाली, दुकानाची झाली, तेव्हा गाडीचं नाव तुम्ही भावांनी कागदावर आणलंच नाही."

मी गप्प बसलो. ती खरे बोलत होती. आरसी बुकावर अब्बांचे नाव होते आणि अब्बा गेल्यावर ती गाडी एकट्या माझी झाली नव्हती. हिशेबाने पाहिले तर मालमत्तेचे चाळीस हिस्से धरावेत. अम्मींचा आठवा भाग म्हणजे पाच हिस्से. उरलेल्या पस्तीसपैकी आम्हा दोघा भावांना चौदा-चौदा आणि आपांना सात. भंगाराच्या भावाने आपांचा हिस्सा बेचाळीसशे रुपये निघतो. रक्कम किरकोळ आहे. पण बेचाळीसशे रुपयांचा माल गिऱ्हाइकाला न विचारता उचलला तर आम्ही त्याला काय म्हणतो, याचा मी विचार केला. तिचा त्या गाडीवर आणखी एक हक्क होता, जो हिस्स्यात मोजता येत नाही. १९८८ मध्ये अब्बांनी निगडी प्राधिकरणाच्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी शिकवली ती तिला, आम्हा भावांना नंतर. लोक बोलले, अब्बांनी लक्ष दिले नाही.

तेव्हा वाचकहो, पहिला नियम हा की मिस्त्रीकडे जाण्याआधी मालकीचा प्रश्न सोडवा. सर्व वारसांची लेखी संमती घ्या. एकाने खर्च करायचा असेल तर पुढे गाडी विकल्यास त्याचा खर्च आधी वळता होणार की नाही, हेही लिहून ठेवा. कायद्यानेही हे लागते. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर नाव बदलासाठी अर्ज करायचा असतो. आपल्याकडे दुकानाचा परवाना ताबडतोब बदलतात, पण गाडी वर्षानुवर्षे मयताच्या नावावर चालते. अपघात झाला, विम्याचा प्रश्न आला, की मग धावपळ.

आम्ही चौघे एकत्र बसलो. अम्मी व भावाने आपापला हिस्सा सोडला. आपांनी सोडला नाही. ती म्हणाली, "माझा राहू दे. तू चालव, पण माझा राहू दे." तसेच लिहिले.

पहिल्या गॅरेजचा अनुभव

त्या पहिल्या गॅरेजचे नाव मी लिहीत नाही. आगाऊ रक्कम घेऊन त्यांनी गाडी पूर्ण खोलली आणि नंतर चौदा महिने तिला हात लावला नाही. नव्या गाड्यांच्या विम्याची कामे येत, त्यात पैसा रोख व लवकर मिळतो. आमची गाडी कोपऱ्यात. नट-बोल्ट एका पोत्यात, दुसऱ्या गाडीचे सामान त्यातच. मी चौकशी केली की "पार्ट मिळत नाही" हे उत्तर ठरलेले. शेवटी गाडी पोत्यांसकट परत आणली.

दोष निम्मा माझा. कापडाचा एक गठ्ठा सुरतेहून मागवताना मी वाण, माप, दर, तारीख सगळे लिहून घेतो. इथे तोंडी बोलण्यावर लाखाची रक्कम दिली. दुसऱ्या वेळी मी धंद्याच्या रीतीने चाललो. कामाचे पाच टप्पे पाडले : चासी, इंजिन-गिअर, पत्रा-रंग, वायरिंग, गाद्या. एक टप्पा पुरा झाला की त्याचे पैसे, मगच पुढचा टप्पा. खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढला, प्रत्येक भाग कापडी थैलीत घालून वर चिठ्ठी शिवली. थैल्या शिवायला दुकानातले तुकडे कामी आले.

दुसरे मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी सत्तरच्या दशकात पुण्याच्या नाना पेठेत एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकले. त्यांनी गाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेठ, पुढच्या सांध्यात ग्रीस घालत होता की तेल?" मला माहीत नव्हते. हेराल्डच्या पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्यात, ज्याला ट्रनियन म्हणतात, गिअरचे घट्ट तेल घालावे लागते. सगळ्या गाड्यांना ग्रीस घालतात म्हणून इथेही ग्रीस घातले तर आत गंज चढतो, सांधा तुटतो आणि चालत्या गाडीचे चाक आडवे होते. कोणत्या गाडीला काय लागते हे माहीत असलेला माणूस आणि फक्त पाना फिरवता येणारा माणूस यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

इंजिन जाम होते. त्यांनी घाईने स्टार्टर लावला नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले, आठ दिवस तसेच ठेवले आणि मग हाताने थोडे थोडे फिरवून मोकळे केले. टाकी धुतली, ब्रेकची सर्व रबरे बदलली. पेट्रोलच्या नळ्या मात्र आजच्या पेट्रोलचा विचार करून घेतल्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घ्याव्यात व गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

हेराल्ड बनवणारी मद्रासची कंपनी कधीच बंद पडली. पण इंग्लंडमध्ये या घराण्याच्या गाड्यांचा शौकिनांचा क्लब १९७७ पासून चालू आहे आणि स्पिटफायरच्या जोरावर सांधे, रबरे, गास्केट तिकडे आजही नव्याने बनतात. काही भाग तिकडून मागवले. बाकीचे बुश, पिना, ब्रॅकेट भोसरीच्या एका टर्नरने नमुना पाहून लेथवर काढून दिले. नमुना हातात दिला की वस्तू करून देणारा कारागीर आपल्या गल्लीत बसला आहे, ही या पट्ट्याची खरी दौलत आहे.

छप्पर कापडाचे की पत्र्याचे?

हेराल्डचे छप्पर बोल्टने बसवलेले असते. ते काढून कापडी हुड लावता येतो. कापडवाला म्हणून माझा जीव त्यात अडकला होता. उत्तम विणीचा कॅनव्हास मी मनात निवडूनही ठेवला होता. मुलगा चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. तो म्हणाला, "अब्बा, नियम वाचा आधी."

नियम असा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीला पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' अशी अक्षरे येतात. अट ही की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

दुसरा मार्ग साध्या फेरनोंदणीचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व शुल्क. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीला पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी दहा हजार केले गेले. ज्याला गाडी नेहमी चालवायची आहे त्याने हा मार्ग घ्यावा. पण त्यातही नोंदलेल्या रूपात मनाने फेरबदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंदी आहे.

मुलाचे ऐकले, पत्र्याचे छप्पर ठेवले. माझी हौस गाद्यांवर व आतल्या अस्तरावर भागवली. जुन्या सीटमधला काथ्या काढून नवा भरला, वरून जाड विणीचे सुती कापड दिले. अस्तराचे कापड आधी धुऊन आटवून घेतले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कोरे सुती कापड तसेच ताणून बसवले आणि एका पावसाळ्यात आटले की शिवण फाटते.

खर्चाची वही

आता हिशेब. व्यापाऱ्याने अनुभव सांगावा आणि आकडा लपवावा हे बरे नाही. पहिल्या गॅरेजात गेले १,१०,०००. पत्रा व रंग १,८५,०००. इंजिन व गिअरबॉक्स ९५,०००. ब्रेक, स्प्रिंगा, टायर ७०,०००. वायरिंग २२,०००. गाद्या व अस्तर ३८,०००. परदेशी भाग, जकात व पाठवणीसह ५४,०००. एकूण ५,७४,००० रुपये. माझा अंदाज अडीच लाखांचा होता.

गाडी आज विकली तर हा खर्च निघेल असे मला वाटत नाही. म्हणून जो माणूस जुन्या गाडीकडे गुंतवणूक म्हणून पाहतो त्याला माझा सल्ला आहे की पैसा दुकानात घालावा. कर्ज काढून तर हे काम मुळीच करू नये. ज्याला झेपत नाही त्याने गाडी कुजत ठेवण्यापेक्षा ज्याला कदर आहे त्याला योग्य भावात द्यावी. त्यात कमीपणा नाही.

पण वहीची दुसरी बाजू पाहा. वाया गेलेली रक्कम सोडली तर चार लाख चौसष्ट हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम मजुरीत गेली, आणि ती कासारवाडी, भोसरी, चिखली इथल्या कारागिरांच्या घरात गेली. नवी गाडी घेतली असती तर हाच पैसा बँकेच्या हप्त्यात गेला असता.

हा धंदा आहे का?

मोठ्या कंपन्यांनी याचे उत्तर केव्हाच दिले आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार-लँड रोव्हर घेतली. त्या कंपनीने २०१७ मध्ये कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा स्वतंत्र कारखाना उघडला. १९६१ मध्ये निघालेली जग्वार ई-टाइप तिथे पुन्हा कोरी करून विकतात. मर्सिडीजने जर्मनीत फेलबाख इथे १९९३ पासूनच असे केंद्र चालवले आहे. म्हणजे ज्या दोन कंपन्यांचे भोंगे या पट्ट्यात वाजतात, त्या परदेशात जुन्या गाडीच्या दुरुस्तीतून पैसा कमावतात. आणि टाटांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा या १९९१ सालच्या गाडीचे नाव नव्या गाडीला देऊन बाजारात आणले, ते का? जुन्या नावाला बाजारात भाव आहे म्हणूनच.

मग आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाताखाली पोरगा का उभा राहत नाही? मी आमच्या मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "माझाच मुलगा आला नाही, दुसऱ्याचा कुठून येणार? चार वर्षं शिकायचं, हात काळे करायचे. मोटारसायकलवर पार्सल पोचवलं की पहिल्या महिन्यापासून पैसे." याला उत्तर उपदेशाने मिळणार नाही, शिकतानाच्या काळात पैसे मिळण्याची सोय करावी लागेल.

सोय थोडी आहे. २०१६ पासूनच्या केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांपर्यंत, सरकार देते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, शीट मेटल, टर्नर, वेल्डर हे अभ्यासक्रम आहेत. अडचण अशी की शिकाऊ घ्यायला आस्थापनेत निदान चार माणसे लागतात. आमच्या मिस्त्रींकडे ते स्वतः आणि एक मदतनीस. पत्रेवाला एकटा, सीटवाला एकटा. हे सगळे एकाच गाडीवर काम करतात पण कागदावर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. अशा पाच-सहा कारागिरांनी मिळून एक संस्था नोंदवावी, तिच्या नावाने शिकाऊ घ्यावेत, आणि आपल्या व्यापारी संघटनांनी त्यांचे कागदपत्र व हिशेब सांभाळून द्यावेत. आमच्याकडे मुनीम आहेत, सीए आहेत. महिन्यातून चार तास दिले तर काय बिघडते?

दुसरी गोष्ट जागेची. चिखली-कुदळवाडीचा भंगार बाजार जुन्या भागांचा मोठा आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामे हटवली. हटवलेल्या बांधकामांचा आकडा चार हजारांवर होता. तिथे वारंवार आगी लागत, धुराच्या व प्रदूषणाच्या तक्रारी होत्या, हे खरे आहे आणि व्यापाऱ्यांनी ते मान्य करावे. विनापरवाना शेडमध्ये रबर-प्लॅस्टिक साठवून कोणाचेच भले होत नाही. पण गाड्या मोडण्याचा व भाग विकण्याचा धंदा तर राहणारच आहे. ज्या पट्ट्यात नवीन गाडी बनवायला शेकडो एकर जागा आखून दिली जाते, तिथे जुनी गाडी मोडायला, तिचे चांगले भाग निवडायला काही एकर परवान्याची, आगीच्या बंबाची, सांडपाण्याच्या सोयीची जागा असावी, ही मागणी अवाजवी नाही. व्यापाऱ्यांनीही भाडे, कर, विमा यांची तयारी ठेवावी. जागा नियमात हवी असेल तर धंदाही नियमात आणावा लागेल.

शेवटी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपा आल्या होत्या. गाडी तयार होती, कागद पुरे झाले होते. मिस्त्रींनी गाडीचे तेल-पाणी पाहून चावी माझ्या हातात दिली. मी ती आपांना दिली. तिने निगडीपर्यंत जाऊन पेट्रोल भरले व परत आणली. दुसरा गिअर घालताना एकदा आवाज झाला, तेव्हा मागच्या सीटवरून अम्मी म्हणाल्या, "तेव्हाही असाच व्हायचा."

त्या फेरीत मुलाने मला विचारले की मिस्त्रींकडे रविवारी तो गेला तर चालेल का. तो संगणकावर गाडीचे भाग आखतो, पण कानस हातात धरलेली नव्हती. आता दर रविवारी जातो. मिस्त्री त्याच्याकडून पैसे घेत नाहीत, मात्र उशीर झाला तर बोलणी ऐकवतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी गाडी, स्कूटर, शिलाई मशीन, हातमाग, काहीही धूळ खात असेल, तर या महिन्यात तीन कामे करा. कागद कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सर्व हक्कदारांना एकत्र बसवून ठेवायचे की द्यायचे ते ठरवा. आणि ठेवायचे ठरले तर ज्या म्हाताऱ्या कारागिराला ते काम येते, त्याच्याकडे जाताना घरातले एक पोरगे बरोबर न्या. गाडीला लागणारा भाग इंग्लंडहून मागवता येतो. आमच्या मिस्त्रींनी ट्रनियनबद्दल विचारला तो प्रश्न विचारणारा माणूस कुठून मागवणार?